क्लास न लावता आयईएलटीएसमध्ये 7 बँड मिळतील का?

तुम्ही विचारलंय की नोकरी सांभाळून, मराठी माध्यमातून शिकलेल्या माणसाला घरच्या घरी आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी जमेल का. जमते. मी नर्स आहे, नागपूरला हिंगणा रोडला राहते, दहावीपर्यंत मराठी शाळा. क्लास एक दिवसही लावला नाही. पण परीक्षा दोनदा द्यावी लागली. ती का, ते वाचा. तुमची एक फी वाचेल.

बँड म्हणजे 9 पैकी गुण. पहिल्या वेळी लिसनिंग 7.5, रीडिंग 7, स्पीकिंग 7 आणि रायटिंग 6. सरासरी 6.875 येते, ती 7 धरतात. घरी पेढेही आले. मग लक्षात आलं की ब्रिटनच्या नर्सिंग नोंदणीला रायटिंगमध्ये निदान 6.5 हवेत, सरासरी कितीही असो. म्हणून आधी तुम्हाला जिथे जायचंय तिथे प्रत्येक विभागात किती बँड मागतात ते पाहा. परीक्षेचे दोन प्रकार असतात, अकॅडमिक आणि जनरल. त्यातला कोणता हवा, तेही.

लिसनिंग आणि रीडिंगला खरंच कोणी शिकवायला लागत नाही. केंब्रिजच्या जुन्या प्रश्नपत्रिकांची पुस्तकं घ्या आणि घड्याळ लावून बसा. लिसनिंगचं रेकॉर्डिंग परीक्षेत एकदाच ऐकवतात, म्हणून घरीही मागे नेऊन ऐकायचं नाही. मी मे महिन्यात सराव केला. कूलर बंद करायची सोय नाही, त्या घरघरीतच ऐकलं. परीक्षेच्या खोलीत इतकं शांत होतं की उलट सोपं वाटलं. स्पेलिंग चुकलं किंवा अनेकवचनाचा ‘एस’ राहिला, तर उत्तर चूक.

रीडिंगमध्ये 60 मिनिटांत 40 प्रश्न. आपण अडकतो ते ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’मध्ये. समजा उताऱ्यात एवढंच आहे की नागपूर भागात संत्री पिकतात, आणि विधान आहे की नागपूरची संत्री देशात सगळ्यांत गोड. आपला हात थेट ‘ट्रू’कडे जातो! पण उताऱ्यात गोडीचा शब्द नाही, म्हणून ‘नॉट गिव्हन’. आपल्याला जे माहीत आहे ते बाजूला ठेवायची सवय लागायला मला महिना गेला.

आता खरी अडचण. लिहिण्यातली आपली चूक आपल्याला दिसत नाही. मी रोज निबंध लिहायची, स्वतःच वाचायची आणि खूश व्हायची. नापास बँडनंतर आमच्या गल्लीतल्या एक काकू, इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका, त्यांच्याकडे वही नेली. त्यांनी एका पानावर 11 ठिकाणी नुसतं ‘द’ आणि ‘अ’ घातलं. मराठीत तसं काही नसतंच, मग डोळ्याला खुपणार कसं? मग विचारलं, “हे काय लिहिलंस, ‘पीपल आर हॅविंग मोबाइल’?” मी म्हटलं, बरोबरच तर आहे. काकू हसल्या. “‘पीपल हॅव’ लिहायचं. तू नागपूरची ना? ‘जाऊन राहिलो, करून राहिलो’ बोलतेस, तेच इंग्रजीत उतरून राहिलं.”

त्या दिवसापासून मी फोनवर स्वतःचं बोलणंही रेकॉर्ड करायला लागले. स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात कार्डावरचा विषय मिळतो, तयारीला 1 मिनिट, मग 2 मिनिटांपर्यंत बोलायचं. ड्यूटीवरून येताना मेट्रोत, बर्डीहून लोकमान्य नगरपर्यंत, आदल्या रात्रीचं ऐकायचे. ‘आय अ‍ॅम नोइंग’, ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग’, आणि दर दोन वाक्यांनी ‘अ‍ॅक्च्युअली’. लाज वाटायची, पण लाजेनेच सुटलं.

काकूंकडे आठवड्याला दोन निबंध, असं अडीच महिने. दुसऱ्या वेळी रायटिंगला 7. रायटिंगच्या तासात दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे 250 शब्दांच्या निबंधाला, पहिल्याच्या दुप्पट वजन असतं. त्याला 40 मिनिटं ठेवा. पाठ केलेले निबंध मात्र घुसवू नका, परीक्षकांना ते लगेच कळतं. तुमच्याकडे अशा काकू नसतील तर इंग्रजी चांगलं असलेलं कोणीही चालेल, फक्त लाल पेन उचलायला भिणारं नको.

आणि निकाल सहसा दोन वर्षंच ग्राह्य धरतात. बाकी कागदपत्रांचा पत्ता नसेल तर घाईने तारीख घेऊ नका.