फक्त एसएसएचवर असलेल्या दूरच्या सर्व्हरवर डेबियन १० वरून थेट १२ करता येईल का?

थेट नाही. १० वरून ११, रीबूट, दोन-चार दिवस चालू द्या, मग १२. डेबियन ही लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टीम, मधलं व्हर्जन गाळलेलं तिला चालत नाही. बॅकअप, टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम), बूटच्या पार्टिशनवर जागा आहे का ते बघणं, हे सगळं तुम्हाला ठाऊक असेल असं धरतो.

पण तुम्ही शेवटी जे सहज लिहून गेलात, "मशीन दुसऱ्या शहरात आहे, कन्सोल नाही, फक्त एसएसएच आहे", म्हणजे मशीनची स्वतःची स्क्रीन-कीबोर्ड हाताशी नाही, नेटवरूनच आत शिरायचं, ते वाचून मला सप्टेंबर २०१९ मधली अवंतिका एक्सप्रेस आठवली.

आम्ही इंदूरचे. सियागंजातल्या व्यापाऱ्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर देतो. मशीन स्वतःचं, पण ठेवलेलं नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये. २०१५ साली त्यावर डेबियन ८ टाकलं, २०१७ मध्ये ९ केलं, कुठे खुट्ट झालं नाही. जुलै २०१९ मध्ये १० आलं. सप्टेंबरातल्या एका शनिवारी रात्री, दुकानं बंद झाल्यावर, राजेंद्रनगरच्या घरी बसून तेही उरकायला घेतलं. एकही एरर नाही. साडेअकराला रीबूट मारला, मशीन जागं झालं का ते कळायला पिंग लावून ठेवला आणि पाणी प्यायला गेलो. परत आलो तर पिंग गप्प. असली मशिनं बायोसमध्ये मेमरी मोजत बसतात, म्हणून पाच मिनिटं धीर धरला. मग दहा. मग वीस. बायको डोकावून म्हणाली, "झोपायचं नाही का?" म्हटलं, येतोच. तो मंगळवारी सकाळी आलो.

डेटा सेंटरला फोन केला. रात्रपाळीचा मुलगा भला होता. ट्रॉलीवरचा मॉनिटर ओढत नेला आणि स्क्रीन वाचून दाखवली, "सर, लॉगिन लिखा आ रहा है." म्हणजे मशीन ठणठणीत, फक्त वाचा गेलेली. रूटचा, म्हणजे मुख्य खात्याचा, पासवर्ड घेऊन आत काही टाइप करणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं, आणि ते बरोबरच आहे. रविवारची अवंतिका पकडली. सोमवारी पहाटे मुंबई सेंट्रल, मग लोकल बदलत बदलत एकदाचा रॅकच्या मागे उभा राहिलो. मशीनची गरम हवा तोंडावर, कीबोर्ड ठेवायला जागा नाही म्हणून डाव्या हातावर आडवा धरलेला, उजव्या हाताच्या एका बोटाने टायपिंग. बघतो तर ईथ-झिरो नावाचं नेटवर्क कार्ड उरलंच नव्हतं. त्याच कार्डाचं नाव आता ईएनपी३एस० झालेलं, आणि नेटवर्कची फाइल बिचारी जुन्याच नावाची वाट बघत बसलेली. दोन ओळी बदलल्या. चार मिनिटं. त्या मुलाला लौंग सेवेचं पाकीट दिलं आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

आता खरं दुखणं. त्या मशीनला मागे आयपीएमआयचा पोर्ट होताच. त्यात केबल लावून एक जादा आयपी घ्यायचा, महिना पाचशे रुपये, की घरबसल्या स्क्रीन दिसते. मी २०१५ पासून कानीकपाळी ओरडत होतो. आमचे भागीदार म्हणजे माझे आतेभाऊ. दादा म्हणायचे, "दोन वर्षांतून एकदा लागणाऱ्या गोष्टीला दरमहा पैसे कशाला? आणि चालतंय ना, मग हात लावतोसच कशाला?" मी परत आल्यावर त्यांनी हिशेब मांडला: चार वर्षांचे चोवीस हजार वाचले, तुझ्या फेरीचे चार गेले, म्हणजे आपण वीस हजारांनी फायद्यात. खरंच मांडला, डायरीत. त्या रविवारी ज्यांचा माल गाडीत भरायचा होता त्यांचे फोन दादांनीच घेतले होते, ते मात्र डायरीत नाहीत. घरातल्या प्रत्येक लग्नात मला ऐकवतात, "हात लावला नसता तर पडलाच नसता."

हात लावला नसता तर जून २०२२ अखेर डेबियन ९ ची एलटीएसही (पॅच मिळायची वाढीव मुदत) संपली, त्यानंतर लोकांची खातेवही उघड्या इंटरनेटवर बिनापॅचची पडून राहिली असती. हेच दादा स्कूटर मात्र दर तीन महिन्यांनी सर्व्हिसिंगला नेतात. तुमचं १० तर ३० जून २०२४ लाच एलटीएसमधून बाहेर पडलंय. तेव्हा करायचंच, पण कन्सोलशिवाय नाही. व्हीपीएस (भाड्याचं आभासी मशीन) असेल तर पॅनेलमध्ये कन्सोल बहुतेक असतोच. अपग्रेडच्या आधी त्यातून एकदा खरोखर लॉगिन करून बघा. पासवर्डऐवजी सगळं एसएसएच कीवर (की-फाइलवर) चालवणाऱ्यांना रूटचा पासवर्ड आठवत नाही, आणि कन्सोल कीवर उघडत नाही.

१० ते ११ करताना ओपनएसएसएच-सर्व्हर हे पॅकेज सगळ्यात आधी एकटं अपग्रेड करा. त्या अपग्रेडमध्ये नवीन एसएसएच कनेक्शन नेहमीपेक्षा जास्त वेळ बंद राहतं. चालू कनेक्शन टिकतं, पण तेवढ्यात घरचं नेट गेलं तर बसा. ११ मध्ये, अपडेट कुठून घ्यायचे त्या फाइलमधल्या सिक्युरिटीच्या ओळीतलं नाव लिहायची पद्धत बदलली, बुल्सआय-सिक्युरिटी असं लिहायचं. १२ वर गेल्यावर जुन्या पुटीने (विंडोजवरून एसएसएच करायचा प्रोग्रॅम) आरएसए की चालेनाशी होऊ शकते, कारण नवं ओपनएसएसएच एसएचए-१ ची, म्हणजे जुन्या पद्धतीची, सही घेत नाही. पुटी आधीच नवं करून ठेवा.

एक राहिलं. कार्डाच्या नावाची ती भानगड डेबियन १० च्या रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलेली होती. मी त्या चाळल्या होत्या, वाचल्या नव्हत्या. शिवाय जुनं नाव टिकवून धरणारी ७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स ही फाइल त्याच रात्री, रीबूटच्या आधी, जुना कचरा म्हणून मीच उडवली होती. तुमचं मशीन जुनं असेल आणि नावं अजून ईथ-झिरो छापाची असतील, तर ती फाइल आहे का बघा आणि नव्या नावावर आधीच, कन्सोल समोर ठेवून, सरकून घ्या. दादांना हा भाग मी अजून सांगितलेला नाही.

केबल त्या दिवाळीत लागली. पाचशे रुपये दरमहा माझ्या हिश्श्यातून कापले जातात.