पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) बंद होतात त्यात संप्रेरकं आणि प्रोटीन कायनेज नेमकं काय करतात?

प्रश्न पुस्तकी आहे, पण याच प्रश्नापायी माझी डाळिंबाची 14 झाडं गेली, म्हणून लिहितोय.

सांगोल्याकडं आमची दीड एकर भगवा जातीची डाळिंबं. मी सोलापुरात बीएस्सी केली, वनस्पतिशास्त्र घेऊन. घरात त्याला कवडीची किंमत नाही. एप्रिलची दुपार, पारा 42 वर, पानं मलूल. थोरले दाजी मुक्कामाला आलेले. "झाड पाणी मागतंय, दिसत नाही व्हय?" म्हणत त्यांनी ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवला. मी म्हटलं, "दाजी, सकाळीच ओल बघितलीय, मुठीत गोळा होतोय." तर म्हणे, "तुझी बीएस्सी ठेव बाजूला, 30 वर्षं शेती करतोय मी." आण्णा गप्प. जावयाला कोण बोलणार? दाजी पंधरा दिवस राहिले आणि रोज दुपारी पाणी सोडत राहिले. काळं रान ते, वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही खेळेल अशी स्थिती) म्हणून येऊ दिला नाही. पावसाळ्याच्या तोंडाला फांद्या पिवळ्या पडायला लागल्या आणि एकेक झाड वाळत गेलं. मर रोग.

आता त्या दुपारी पानात काय चाललं होतं ते ऐका. हवा भट्टीसारखी झाली की जमिनीत ओल असली तरी पानात ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं. हे आम्ल छिद्रं बंद करतं, असं गाईडात छापलेलं असतं. ते अर्धवट आहे. बंद करायचं काम ओएसटी1 नावाच्या कायनेजचं, म्हणजे दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढवणाऱ्या प्रथिनाचं. पाणी मुबलक असताना पीपी2सी गटातले फॉस्फटेज (फॉस्फेट काढून टाकणारी प्रथिनं) त्याला दाबून ठेवतात. बैलाचं दावं धरून गडी उभा असतो तसे. आम्ल बैलाला हातच लावत नाही. ते आपल्या ग्राहीला, म्हणजे त्याला ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं आणि तो ग्राही जाऊन गड्याला धरतो. दावं सुटलं! मोकळा झालेला ओएसटी1 रक्षक पेशीच्या (छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या पेशींपैकी एकीच्या) पडद्यातल्या एसएलएसी1 या वाहिनीवर फॉस्फेट चढवतो, ती उघडते, क्लोराइडसारखे ऋण आयन बाहेर पडतात, पाठोपाठ पोटॅशियम, आणि त्यांच्यामागं पाणी. रक्षक पेशी ढिल्या पडतात, छिद्र मिटतं. हे ग्राही सापडले 2009 मध्ये, दोन गटांना स्वतंत्रपणे. म्हणजे मी शिकलो तेव्हाच्या पुस्तकात हा गडी-बैलाचा भाग नव्हताच.

ओएसटी1 बिघडलेली रोपं शोधली कशी, तर उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानं. छिद्रं उघडी राहिल्यानं त्यांची पानं बाकीच्यांपेक्षा गार होती. हे वाचल्यापासून मी दुपारी पान गालाला लावून बघतो. तापलेलं लागलं की समजायचं, दारं लावून बसलंय. (बायको हसते.)

मुळांचा निरोप पानापर्यंत जातो का, हाही जुना वाद. जातो. 2018 मध्ये सीएलई25 हा छोटा पेप्टाइड (प्रथिनाचा लहानसा तुकडा) मुळांतून पानात जाऊन तिथं आम्ल तयार करायला लावतो, असं दिसलं.

तेव्हा दुपारी मलूल दिसणारं झाड पाणी मागत असतंच असं नाही. बऱ्याचदा ते असलेलं पाणी राखत असतं. पहाटे पान ताठ असेल तर व्हॉल्व्हला हात लावू नका. मलूल असेल तर खुशाल सोडा. मुरमाड रानाचा हिशेब निराळा, तिथं दाजी बरोबरही असतील. आणि खरं सांगायचं तर मरची बुरशी आमच्या रानात आधीपासून असणार. दाजींनी तिला ओलावा पुरवला, एवढंच.

परीक्षेसाठी विचारत असाल तर कॅल्शियमवर चालणारे कायनेज आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वेगळं वाचा, ते मी सोडलंय. दाजी वाचत असतील तर पुढच्या खेपेला पहाटे सहाला बागेत या. चहा तिथंच मागवतो.