समता-समावेशनाचं काम नव्याने हातात घेताय? आधी आकडे फोडून बघा

कॉलेजात सगळ्या गटांना बरोबरीची संधी मिळतेय का हे बघायचं पद मिळालंय, अभिनंदन, पण पहिल्याच महिन्यात वर्कशॉप, पोस्टर, शपथ असलं काही लावू नका प्लीज. आधी रिपोर्टिंग कुणाला आहे, स्वतःचं बजेट आहे का आणि अ‍ॅडमिशन, निकाल, भरती यांचा डेटा तुम्हाला मिळणार का हे लेखी घ्या, नाहीतर पद नुसतं नावाला राहतं.

डेटा मिळाला की सरासरीवर थांबू नका. प्रवेश सगळेच बघतात, पण पहिल्या वर्षानंतर कोण गळतंय, कुठल्या विषयात कोण अडकतंय हे गटागटाने वेगळं काढलं की खरं काय ते दिसतं, आणि बऱ्याचदा अडचण मुलांमध्ये नसतेच, ती स्कॉलरशिप उशिरा येण्यात नाहीतर लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधल्या लॅबमध्ये असते. गट छोटा असेल तर आकडे जाहीर करताना सांभाळा, कोण ते लगेच ओळखू येतं.

भरतीचे निकष आणि गुण अर्ज उघडायच्या आधी ठरवा, मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न. नंतर ठरवले की "आपल्यात बसेल का" हाच निकष होऊन बसतो, मी हे फार वेळा पाहिलंय.

आणि हे अगदी मनापासून सांगतेय, प्रत्येक कमिटीवर वंचित गटातल्या त्याच एक-दोन प्राध्यापकांना बसवू नका. त्यांचा रिसर्चचा वेळ जातो, विद्यार्थी पण आधार मागायला त्यांच्याकडेच येतात, आणि प्रमोशनच्या वेळी यातलं काहीच कुणी मोजत नाही. बसवायचंच असेल तर आधी डीनकडून त्यांच्या तासिका कमी करून घ्या.