तळघरातला बास मोबाइलमध्ये येतो तेव्हा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या अंकासाठी इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतावरचे प्रश्न मागवले होते. लहानशा क्लबात वाढलेला एखादा प्रकार रेडिओवर, चार्टवर पोचला की त्याच्या आवाजाचं काय होतं, हा सूर अनेक पत्रांत होता. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : डबस्टेप म्हणजे गुरगुरणारा, करवतीसारखा बास अशी माझी समजूत होती. हल्ली २००५-०६ सालचं डबस्टेप ऐकलं, तर ते संथ आणि जवळजवळ रिकामं वाटलं. दोन्हींना एकच नाव कसं?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक

उत्तर : वेग दोन्हींचा एकच आहे, मिनिटाला १४० ठोके. वेगळी आहे ती बासची, म्हणजे सर्वांत खालच्या जाड सुरांची, जागा, आणि ती जागा बदलली स्पीकर बदलल्यामुळे.

हे संगीत दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडन भागात घडलं. बिग ॲपल नावाचं रेकॉर्डचं दुकान, शोरडिचमधल्या प्लास्टिक पीपल या छोट्या क्लबातल्या ‘फॉरवर्ड’च्या रात्री आणि २००५पासून ब्रिक्स्टनमध्ये माला, कोकी, लोफा यांनी भरवलेल्या डीएमझेडच्या रात्री ही त्याची घरं. चार ठोक्यांच्या आवर्तनात किक (खालच्या आवाजाचा मोठा ड्रम) पहिल्या ठोक्यावर आणि स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) थेट तिसऱ्यावर, म्हणून १४०चा वेग कानाला ७०चा भासतो. मधली जागा मुद्दाम मोकळी सोडलेली असते आणि तिथे ४० ते ६० हर्ट्झचा शुद्ध सूर वाजत असतो. तो कानापेक्षा छातीला जास्त कळतो. नवी रचना आधी ॲसिटेटच्या एका तबकडीवर कापून घ्यायची, क्लबातल्या मोठ्या स्पीकरांवर वाजवून बघायची आणि बास नीट उमटला नाही तर घरी जाऊन पुन्हा मिक्स करायचं, अशी पद्धत होती. थोडक्यात, ही रचना त्या खोलीच्या मापाने शिवलेली होती. तुम्ही ती लॅपटॉपवर ऐकली असेल, तर निम्मं संगीत तुमच्यापर्यंत पोचलेलंच नाही.

जानेवारी २००६मध्ये बीबीसी रेडिओ १वर निवेदिका मेरी ॲन हॉब्स यांनी या मंडळींना एकत्र आणून खास कार्यक्रम केला आणि डबस्टेप लंडनबाहेर गेलं. २००९मध्ये ला रूच्या गाण्याचं स्क्रीम या डबस्टेप निर्मात्याने केलेलं रिमिक्स गाजलं, २०१०मध्ये गायिका केटी बी ब्रिटिश चार्टवर पहिल्या पाचांत आली. पण स्वयंपाकघरातला रेडिओ, लॅपटॉप आणि फोन यांच्या चिमुकल्या स्पीकरांतून साधारण २०० हर्ट्झखालचं फारसं काही बाहेर पडत नाही. तिथे ऐकू यायचं तर बासला वर, मधल्या पट्टीत सरकणं भाग होतं. ही सरकासरकी कॅस्पा आणि रस्को या निर्मात्यांनी ब्रिटनमध्येच सुरू केली होती, त्यामुळे सगळा दोष अमेरिकेवर ढकलणं अन्यायाचं आहे. अमेरिकन निर्माता स्क्रिलेक्सने ऑक्टोबर २०१०च्या ‘स्केरी मॉन्स्टर्स अँड नाइस स्प्राइट्स’मध्ये तीच गोष्ट टोकाला नेली आणि फेब्रुवारी २०१२मध्ये त्याला तीन ग्रॅमी मिळाले.

आमचं मत विचाराल तर नंतरच्या डबस्टेपमध्ये कारागिरी अफाट आहे, पण मोकळी जागा गेली आणि तिच्याबरोबर ताणही गेला. चांगल्या हेडफोनवर स्क्रीमचं २००५चं ‘मिडनाइट रिक्वेस्ट लाइन’ ऐका आणि लगेच तेच फोनच्या स्पीकरवर लावा. आम्ही काय म्हणतो ते अर्ध्या मिनिटात कळेल.

प्रश्न : मी घरी लॅपटॉपवर ट्रॅक बनवतो. बास हेडफोनवर दमदार वाटतो, मोबाइलवर गायब होतो आणि मित्राच्या गाडीत नुसता घुमतो. नेमकं काय चुकतंय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही बहुधा एकाच आवाजाकडून दोन कामं करून घेत आहात. बास दोन थरांत बांधा.

खालचा थर म्हणजे सब. त्यात एकच साइन वेव्ह, म्हणजे एकाच कंपनसंख्येचा शुद्ध सूर, ठेवा. सूर ई, एफ किंवा जी असावा, म्हणजे अनुक्रमे ४१.२, ४३.७ आणि ४९ हर्ट्झ. ३२.७ हर्ट्झच्या सीपर्यंत उतरलात, तर घरगुती वूफरचा कोन हलतो पण सूर उमटत नाही. ॲटॅक, म्हणजे सूर पूर्ण आवाजाला यायचा वेळ, ५ ते १० मिलिसेकंद ठेवा, नाहीतर प्रत्येक सुराच्या तोंडाशी ‘टक’ असा आवाज येतो. हा थर पूर्ण मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून सारखाच, हवा. त्यावर कोरस, रिव्हर्ब, स्टिरिओ रुंद करणारं काहीही लावू नका.

वरच्या थरासाठी दोन सॉ ऑसिलेटर (करवतीच्या दात्यांसारखी लाट देणारे सिंथमधले ध्वनिस्रोत) घ्या आणि एक दुसऱ्यापेक्षा ७ ते १० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा लावा. पुढे २४ डीबीचा लो-पास, म्हणजे वरचे सूर अडवणारा, फिल्टर. त्याचा कटऑफ, म्हणजे अडवणं सुरू होण्याची सीमा, एलएफओने (संथ फिरणाऱ्या नियंत्रक लाटेने) १५० हर्ट्झपासून दीड-दोन हजारांपर्यंत खालीवर न्यायचा, तोच वॉबल. १४०च्या वेगाला ठोक्याचे दोन भाग केले तर एलएफओ सेकंदाला ४.६७ वेळा फिरतो, तीन भाग केले तर बरोबर ७ वेळा. एकाच आवर्तनात ही गती बदलत ठेवा: पहिले दोन ठोके संथ, तिसऱ्यावर ठोक्याचे तीन भाग, चौथ्यावर दुप्पट. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच गतीचा वॉबल ऐकवत नाही. फिल्टरनंतर थोडं डिस्टॉर्शन द्या, म्हणजे आवाज मुद्दाम किंचित फाटू द्या, आणि अगदी शेवटी १२० हर्ट्झवर हाय-पास लावून या थराचा तळ छाटून टाका.

आता चुकांकडे वळू. मोबाइलवर बास गायब होतो तो वरचा थर कमी पडल्याने. ४९ हर्ट्झचा सूर डिस्टॉर्शनमधून गेला की ९८, १४७, १९६, २४५ असे त्याच्या पटीतले स्वयंभू स्वर तयार होतात. फोनचा स्पीकर त्यातले वरचे वाजवतो आणि मूळ सूर मेंदू स्वतःच भरून काढतो. दोन्ही थर एकत्र वाजवल्यावर बास उलट पातळ झाला, तर ८० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यात ते एकमेकांना खोडत आहेत. एका थराची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून बघा, नाहीतर हाय-पास थोडा वर सरकवा. वॉबल दर वेळी वेगळ्या जागेवरून सुरू होत असेल, तर एलएफओचा रीट्रिगर (प्रत्येक सुराला लाट नव्याने सुरू करणारी सोय) बंद राहिला आहे.

गाडीत घुमण्याची कारणं दोन. एक, किक आणि सब एकाच जागेसाठी भांडतात. सबवर साइडचेन कॉम्प्रेसर लावून त्याला किकचा इशारा द्या: ॲटॅक १ मिलिसेकंद, रिलीज ८० ते १२०, आणि किक पडताना सब ४ ते ६ डीबी दबला पाहिजे. दुसरं कारण तुमची खोली. स्पीकरवर मिक्स करत असाल तर समोरासमोरच्या भिंतींत १० फुटांचं अंतर असलेल्या खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपास लाट साचते. ऐन बासचाच हा पट्टा! बसायच्या जागेप्रमाणे तो फुगतो किंवा नाहीसा होतो, आणि तुम्ही त्यावर विसंबून चुकीची पातळी लावता. म्हणून सबची पातळी स्पेक्ट्रम ॲनालायझरवर पडताळा आणि त्याच प्रकारच्या एखाद्या आवडत्या रेकॉर्डशी ताडून बघा.

मास्टरिंगआधी, म्हणजे अंतिम ध्वनिसंस्कारापूर्वी, सर्वोच्च पातळी उणे ६ डीबीच्या आसपास ठेवा. स्पॉटिफायसारख्या सेवा साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) सगळ्यांचा आवाज सारखा करतात, त्यामुळे ट्रॅक चेपून मोठा करण्यात फायदा काहीच नाही आणि स्नेअरचा टणकपणा मात्र जातो.

प्रश्न : ॲसिड हाऊस या नृत्यसंगीताचा जन्म शिकागोत नव्हे, मुंबईत झाला असं सारखं वाचायला मिळतं. खरं आहे का?
– एक सतारवादक वाचक, मिरज

उत्तर : मुंबईत आधी झालं, हे खरं. मुंबईत जन्म झाला, हे मात्र खरं नाही.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडून, म्हणजे टीबी-३०३ (बाससाठी), टीआर-८०८ (ठेक्यासाठी) आणि ज्युपिटर-८ (सिंथेसायझर) वापरून, डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड केली. तिची तेव्हा कुणी फारशी दखल घेतली नाही. इकडे शिकागोत टीबी-३०३ जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागला होता. गिटारवाल्याला बासची साथ देण्यासाठी बनवलेलं ते यंत्र त्या कामात फसलं आणि १९८४मध्ये बंद झालं. फ्यूचर या तिकडीने त्याचे नॉब वाजता वाजताच फिरवले आणि १९८७मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ आलं. त्याच वर्षी जानेवारीत शिकागोचंच हाऊस संगीत स्टीव्ह हर्लीच्या गाण्यातून ब्रिटिश चार्टवर पहिल्या क्रमांकाला गेलं होतं, त्यामुळे ॲसिडला रस्ता तयार मिळाला. सिंग यांची रेकॉर्ड शिकागोत पोचल्याचा कोणताही पुरावा नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हाच जगाला कळली. २०१५मध्ये ते गेले. अखेरच्या काही वर्षांत त्यांना परदेशात त्या रचना वाजवायला मिळाल्या, याचं समाधान आहे.

साम्य आलं ते यंत्रामुळे. टीबी-३०३मध्ये १६ घरांचा आकृतिबंध भरता येतो आणि प्रत्येक घराला ॲक्सेंट म्हणजे आघात आणि स्लाइड म्हणजे घसरण देता येते. तुम्ही सतारवादक आहात, म्हणून सांगतो: ही घसरण मिंडेसारखी वाटते, पण मिंडेचा रस्ता आणि वेळ वादक ठरवतो, इथे वेळ ठरलेली असते, सुमारे ६० मिलिसेकंद.

घरी करून बघायचं तर वेग १२०, सॉ वेव्ह, कटऑफ तिसेक टक्के, रेझोनन्स (कटऑफजवळच्या सुरांचा उठाव) पंचाहत्तर टक्के, डिके (आवाज विरायचा वेळ) आखूड. मालकंसचे स्वर १६ घरांत भरा: सा सा ग म, ध म ग सा, नि सा ग म, ध नि सां सा, ग, ध, नि अर्थातच कोमल. घसरण फक्त दोन-तीन ठिकाणी द्या, पहिल्या म वरून ध वर आणि शेवटच्या नि वरून सां वर. मग सोळा आवर्तनांत कटऑफ हळूहळू उघडत न्या. सर्रास होणारी चूक म्हणजे सिंथवर पोर्टामेंटो, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, कायम चालू ठेवणं. त्याने सगळंच लिबलिबीत होतं. सिंथ मोनो (इथे अर्थ एका वेळी एकच सूर) आणि लेगाटो (सूर न तोडता जोडणाऱ्या) मोडमध्ये ठेवा आणि घसरण हवी तिथेच दोन सूर एकमेकांवर किंचित चढवा.

प्रश्न : गोवा ट्रान्स या नृत्यसंगीतात सुरुवातीला एवढा वेळ ठेकाच का नसतो? आणि सनबर्न महोत्सवात वाजतं ते हेच का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : ठेका नसण्याचं कारण डॅट, म्हणजे डिजिटल ध्वनिमुद्रणाची टेप. हणजुणे आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर ऊन, धूळ आणि प्रवासातलं ओझं यांमुळे विनाइल रेकॉर्ड चालण्यासारख्या नव्हत्या. ऐंशीच्या दशकात तिथले डीजे कॅसेटवर वाजवत, पाश्चात्त्य गाण्यांतले गायनाचे तुकडे वगळून नुसते वाद्यांचे भाग जोडत. पुढे डॅट आली. आवाज उत्तम, पण डॅट यंत्राला वेग कमीजास्त करायची सोय नव्हती, म्हणून दोन रचनांचे ठोके जुळवता येत नसत. मग रचनेच्या दोन्ही टोकांना बिनठेक्याचा लांब भाग ठेवायचा आणि तिथे एकीतून दुसरीत सरकायचं, असा रिवाज पडला. यंत्रं बदलली तरी तो रिवाज बराच काळ टिकला.

१९९३-९४मध्ये लंडनला ड्रॅगनफ्लाय आणि टिप ही रेकॉर्ड लेबलं सुरू झाली. डिसेंबर १९९४मध्ये डीजे पॉल ओकनफोल्डने बीबीसी रेडिओ १वर दोन तासांचा ‘गोवा मिक्स’ वाजवला आणि किनाऱ्यावरचं संगीत घराघरात गेलं. सनबर्न २००७मध्ये कांदोळीला सुरू झाला. त्याच्या मुख्य मंचावर हाऊस आणि मोठ्या मैदानांसाठीचं ईडीएम (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) वाजतं. सुरुवात गोव्यात झाली असली तरी ती परंपरा वेगळी आहे.

प्रश्न : रील्सवर ॲमापियानो फार ऐकू येतं. ते एवढं पटकन कसं पसरलं?
– एक नृत्यशिक्षिका, ठाणे

उत्तर : दक्षिण आफ्रिकेत, गौटेंग प्रांतातल्या टाउनशिपमध्ये (शहरांलगतच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत) २०१०नंतरच्या दशकात ते घडलं. वेग ११० ते ११५, म्हणजे पायांना घाई नाही. त्याचा बास म्हणजे लॉग ड्रम: सूर बदलणारा, लाकडी ठोक्यासारखा आवाज. त्याच्या तोंडाशी मधल्या पट्टीचा ठसठशीत ‘टोक’ असतो, म्हणून तो फोनवरही ऐकू येतो. डबस्टेपला जी तडजोड करावी लागली ती याला करावीच लागली नाही. गायिका टायलाच्या ‘वॉटर’ला फेब्रुवारी २०२४मध्ये ग्रॅमी मिळालं, पण त्यात पॉपचा भाग मोठा आहे. विद्यार्थ्यांना मूळ चाल कळावी म्हणून काब्झा डी स्मॉलच्या लांब रचना लावा. किक कमी आणि शेकर (खुळखुळ्यासारखं वाद्य) सतत असल्यामुळे मोजणी शेकरवर शिकवा.

प्रश्न : मला ‘जंगल’ या प्रकारचं वेगवान नृत्यसंगीत बनवायचं आहे. ‘एमेन ब्रेक’ हा ड्रमचा तुकडा सगळेच वापरतात, मग परवानगीची गरज आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : गरज आहे, आणि तीही दोन परवानग्यांची: एक ध्वनिमुद्रणाच्या मालकाची, दुसरी मूळ रचनेच्या मालकाची. हा तुकडा द विन्स्टन्सच्या १९६९च्या ‘एमेन, ब्रदर’मधला. ग्रेगरी कोलमन या ड्रमरने चार आवर्तनं वाजवली आहेत, जेमतेम सात सेकंद. त्यांतून सबंध जंगल आणि ड्रम अँड बेस उभं राहिलं. काहीशे प्रती निघत होत्या तोवर कुणी विचारलं नाही. पुढे हे संगीत जाहिराती आणि चार्टपर्यंत गेलं, तरी बँडला रॉयल्टी मिळाली नाही. २०१५मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना सुमारे २४ हजार पौंड दिले. कोलमन तोवर हयात नव्हते.

सरावासाठी तुकडा खुशाल कापा. मूळ वेग १३६च्या आसपास आहे, तो १६५पर्यंत चढवा. टाइम-स्ट्रेच (सूर न बदलता नुसता वेग बदलणं) करू नका, त्याने झांजा चिरकतात. प्रत्येक ठोका वेगळा कापून सॅम्पलरच्या (ध्वनीचे तुकडे वाजवणाऱ्या यंत्राच्या) पॅडवर ठेवा आणि ओळ नव्याने रचा. प्रकाशित करायचं असेल तर एखाद्या ड्रमवादकाकडून स्वतःचा ब्रेक वाजवून घ्या, एकच माइक किटच्या समोर चारेक फुटांवर ठेवा आणि मुद्रण टेपवरून किंवा सॅच्युरेशनमधून काढा. घोस्ट नोट्स, म्हणजे स्नेअरवरचे हलके मधले ठोके, त्याला आवर्जून वाजवायला सांगा. जंगलचा झोक त्यांच्यातच असतो आणि बाजारातल्या तयार लूपमध्ये नेमके तेच दबलेले असतात.