वाचकांचे प्रश्न : कमावीस मागणारं जुनं पत्र कसं वाचावं?

प्रश्न : घरच्या रुमालात (जुन्या कागदांच्या गाठोड्यात) एक मोडी कागद सापडला. लिप्यंतर करून घेतलं. सुरुवात ‘श्रीमंत… स्वामींचे सेवेसी’ अशी, मधे एका महालाची (महसुली विभागाची) कमावीस, म्हणजे तिथला वसूल करण्याचं काम, मिळावी अशी विनंती आणि शेवटी ‘सु॥ सन सबा सबैन मया व अलफ, छ ८ सवाल’. इसवी सन कोणता? रकमेचा उल्लेख कुठेच कसा नाही? आणि हे मूळ पत्र आहे का?

उत्तर : आधी तारीख. सबा म्हणजे ७, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. म्हणजे सुहूर सन (मराठी दफ्तरांतली, अरबी संख्याशब्दांत लिहिली जाणारी कालगणना) ११७७. हे साल जूनच्या सुरुवातीला, मृगाला बदलतं. जून ते डिसेंबरमधल्या तारखेसाठी ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ६००. ‘छ’ म्हणजे चंद्र, हिजरी महिन्याचा दिवस. त्या वर्षी ८ सवाल (शव्वाल महिना) नोव्हेंबरात येतो, तेव्हा पत्र नोव्हेंबर १७७६ च्या उत्तरार्धातलं.

लिप्यंतर मात्र एकदा मूळ कागदाशी ताडून घ्या. सबा आणि सबैन, सीत आणि सितैन यांत घोटाळा होतोच, पण सर्वांत महागात पडते ती ‘सितैन’ आणि ‘तिसैन’ यांची अदलाबदल. एक ६०, दुसरं ९०. पत्र तीस वर्षं सरकतं आणि मेलेली माणसं कारभार करताना दिसू लागतात. आणखी एक अडचण अशी, की साल सौर आणि महिना चांद्र, त्यामुळे दर साली सुमारे अकरा चांद्र तारखा दोनदा येतात. ११७७ मध्ये त्या रबिलाखर (रबी-उल-आखिर) महिन्याच्या उत्तरार्धात पडतात. सवाल त्यातून सुटला, हे तुमचं नशीब.

आता मायना. पत्र श्रीमंतांच्या, म्हणजे पेशव्यांच्या नावे आहे, पण सवाई माधवरावांचा जन्म एप्रिल १७७४ चा. म्हणजे ज्यांच्या चरणी विनंती केली आहे ते अडीच वर्षांचे होते. निर्णय सखारामबापू आणि नाना फडणीस या कारभाऱ्यांच्या हाती. म्हणून अशा कागदात पहिल्या चार ओळींतल्या नम्रतेवर थांबू नका. ‘सेवक’, ‘साष्टांग नमस्कार’, ‘विज्ञापना’ हा ठरलेला साचा आहे. त्यावरून लिहिणाऱ्याचा दर्जा कळतो, त्याची गरज कळत नाही. मजकुराच्या शेवटी या : ‘सविस्तर अमुक सांगतील त्यावरून कळेल’ अशा अर्थाचं वाक्य आहे का? असेल तर ज्याचं नाव तिथे आहे तोच या पत्राचा कणा. तो माणूस समक्ष जाऊन बोलायचा आणि रकमेची बोलणी त्याच्याच तोंडी असायची. पत्र त्याच्या हातातली ओळख, एवढंच. उरलेलं नाजूक काही लिहायचंच झालं तर ते पुरवणीत, वेगळ्या चिठ्ठीवर. पुरवणीवर बहुधा नाव नसतं, तारीखही नसते, त्यामुळे ती मूळ पत्रापासून सुटून भलत्याच रुमालात जाते. तुमच्या रुमालातले बिननावाचे तुकडे अक्षराच्या वळणावरून आणि कागदाच्या घड्यांवरून जुळवून पाहा. माझ्या मते खरा मजकूर तिथेच मिळण्याचा संभव जास्त.

मूळ की नक्कल? पत्र पोचलं की दफ्तरात त्यावर वेगळ्या हातानं ‘पै॥’ म्हणजे पैवस्तीची तारीख पडायची. ती नसेल आणि कागद अर्जदाराच्याच वंशजांकडे असेल, तर तो बहुधा घरी ठेवलेला मसुदा किंवा नक्कल. मूळ पत्र कारभाऱ्याच्या दफ्तरी जाणार, ते परत घरी कसं येईल? शिक्का नाही म्हणून मात्र कागद खोटा ठरवू नका. मोर्तब वरून खाली जाणाऱ्या आज्ञापत्रावर असतं, विनंतीवर नाही. काम झालं का, हे या पत्रावरून ठरत नाही. त्यासाठी त्या महालाचा पुढच्या सालचा हिशेब किंवा नेमणुकीची सनद हवी.

प्रश्न : अशा कागदांत ‘रसद’ आणि ‘अंतस्थ’ हे शब्द येतात. दोन्ही लाचच ना?

उत्तर : नाही, आणि हा फरक सोडला तर सगळा व्यवहार उलटा वाचला जातो. रसद म्हणजे कमाविसदारानं नेमणुकीच्या वेळी सरकारात भरलेली आगाऊ रक्कम. महालाच्या वसुलाचा अजमास बांधून ती ठरे, हिशेबात जमा होई आणि सरकार तिच्यावर दरमहा व्याज देई. पुढे वसुलातून ती फेडून घ्यायची. एवढा पैसा पदरचा कुणाकडे असणार? म्हणून अर्जदारामागे सावकार लागे, आणि शिफारसपत्रात एखाद्या सावकाराचं नाव विनाकारण आल्यासारखं दिसलं तर ते बारकाईनं पाहा. अंतस्थ किंवा दरबारखर्च म्हणजे कारभाऱ्यांना आणि हिशेब तपासणाऱ्यांना आतून दिलेला पैसा. तो शेवटी निघायचा गावांतूनच. १८१९ च्या अहवालात एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं या दरबारखर्चाची दखल घेतली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महाल सर्रास मक्त्यानं (ठेक्यानं), जास्त बोलीवर जाऊ लागले. त्या काळातल्या अर्जांत आकडे उघड दिसतात.

प्रश्न : कागद लॅमिनेट करावा का?

उत्तर : मुळीच नको. उष्णतेनं चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही. चिकटपट्टीही लावू नका. काजळीची शाई ओलीनं पसरते, म्हणून पुसूही नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, घड्या जोर न लावता उघडा आणि आम्लरहित कागदात सपाट ठेवा. मागची बाजू कोरी वाटली तरी तिचा फोटो हवाच. पैवस्तीची नोंद कधी तिथेही सापडते.