टोमॅटो घेऊन रात्री माळशेज उतरतो. बोलेरो पिकअपला एचआयडी लावू की एलईडी?

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१९ ची बोलेरो पिकअप, बल्ब एच-फोर, ओतूर भागातून टोमॅटो भरून रात्री माळशेजमार्गे वाशी मार्केटला जाता आणि पावसाळ्यात घाटात 'लाइट लावलाय की नाही तेच कळत नाही'. दुकानदाराने दोन पर्याय दिलेत : ५५ वॅटचा, ८००० केल्विनचा एचआयडी, म्हणजे सगळे ज्याला झेनॉन म्हणतात तो, नाहीतर डब्यावर '२०० वॅट' छापलेला एलईडी. बजेट तीन हजार.

मी ऑटो इलेक्ट्रिकचंच काम करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याचशा गाड्या लोडच्याच असतात. तेव्हा आधी उत्तर सांगून टाकतो. एचआयडी नकोच. एलईडी लावायचाच असेल तर लावा, पण सगळ्यात शेवटी. त्याआधी आहे त्या बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचतंय का ते मोजा आणि फोकस, म्हणजे उजेडाचा रोख, गाडी भरलेली असताना सेट करा. बहुतेक पिकअपचा अंधार या दोन ठिकाणीच असतो.

आता कारण. एच-फोर बल्ब हातात घेऊन नीट बघा. आत दोन फिलामेंट दिसतील. टोकाकडची डिपरची, म्हणजे खाली पडणाऱ्या उजेडाची, ५५ वॅट, आणि तिच्या पोटाखाली पत्र्याची छोटी वाटी. मागची अप्परची, म्हणजे लांबच्या उजेडाची, ६० वॅट, उघडी. ती वाटी डिपरचा खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग कामाला लागतो आणि उजेड रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. हेडलाइटचा रिफ्लेक्टर त्या दोन फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतून बनवलेला असतो. उजेडाची जागा एक-दोन मिलिमीटर हलली तरी पुढे रस्त्यावर सगळा पसारा होतो.

एचआयडीमध्ये फिलामेंटच नसते. वीस हजार व्होल्टच्या वरचा झटका देऊन काचेच्या गोळीत ठिणगी पेटवायची आणि मग बॅलास्टने, म्हणजे करंट सांभाळणाऱ्या डबीने, ती तेवती ठेवायची, असा तो प्रकार. एच-फोरचा डिपर साधारण १००० लुमेन (उजेडाचं माप) देतो, कंपनीच्या दर्जाची ३५ वॅटची झेनॉन ट्यूब ३२०० च्या आसपास. म्हणजे 'तिप्पट उजेड' हे दुकानदार खोटं सांगत नाही. पण तो उजेड कुठे पडणार? ठिणगीचा आकार वेगळा, जागा वेगळी, आणि डिपर-अप्पर एकाच ट्यूबमधून काढायचं म्हणून आत चुंबक बसवून ती ट्यूब मागे-पुढे सरकवतात. खड्ड्यांत आपटणाऱ्या लोड गाडीत हा सरकता भाग किती टिकणार, याचा अंदाज तुम्हीच करा. शिवाय ट्यूब पेटली की पूर्ण उजेडाला यायला काही सेकंद लागतात, त्यामुळे दिवसा ओव्हरटेकला लाइट मारून इशारा द्यायची सोय संपली.

झेनॉन मुळात वाईट नव्हता. बीएमडब्ल्यूने १९९१ मध्ये सेव्हन सिरीजला दिला तेव्हा त्याच्यासाठी वेगळा हेडलाइटच घडवला होता. युरोपच्या नियमात २००० लुमेनच्या वरच्या डिपरला काच धुणारा फवारा आणि आपोआप खाली-वर होणारा फोकस सक्तीचा केला, तो याच कारणाने : एवढा उजेड थोडाही वर गेला किंवा मळक्या काचेतून फाकला तर समोरचा आंधळा होतो. आपण यातलं काहीच न देता नुसती ट्यूब खोचतो. त्यात ८००० केल्विन म्हणजे निळसर रंग. कंपन्या स्वतः ४३०० च्या आसपास वापरायच्या. ओल्या डांबरावर निळा उजेड नुसता चमकतो, रस्त्याची कड दिसत नाही. आणि रात्री दोन वाजता मुरबाडच्या अलीकडे बॅलास्ट गेला तर कुठे मिळणार? एच-फोर बल्ब हायवेवरच्या कुठल्याही टपरीत मिळतो.

आता गाडीकडे या. मल्टिमीटर घ्या, नसेल तर वायरमनकडे असतोच. इंजिन चालू, लाइट डिपरवर. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा; साडेतेरा ते सव्वाचौदा दिसायला हवं. मग काळी पिन बॅटरीच्या मायनसवरच ठेवून लाल पिन हेडलाइटच्या होल्डरमागून डिपरच्या टर्मिनलला लावा. बल्ब होल्डरमध्ये बसलेला आणि पेटलेला असू द्या. बल्ब काढून मोजलं तर आकडा नेहमीच छान येतो. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर बल्ब निर्दोष आहे, वायरिंग दोषी आहे. अर्थिंगही, म्हणजे मायनसची बाजूही, तपासा : होल्डरच्या अर्थच्या पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.२ व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये. होल्डर काढलात की प्लॅस्टिकचा रंगही बघा. पिनांभोवती तपकिरी पडलं असेल, किंवा पिन ढिली होऊन टर्मिनल काळं झालं असेल, तर तिथेच व्होल्टेज खाल्लं जातंय. मागच्या मालकाने १००/९० वॅटचे बल्ब घातले असतील तर हे हमखास दिसतं.

व्होल्ट-दीड व्होल्टने काय होतं, असं वाटेल. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात उतरत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगाने उतरतो. बल्बचे लुमेन १३.२ व्होल्टला मोजलेले असतात. होल्डरवर १२ आले तर चौथाईहून जास्त उजेड गेला. साडेअकरा आले तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त. तुम्ही विकत घेतलेला उजेड वायरमध्येच गरम होऊन संपतो.

यावर इलाज म्हणजे रिलेवालं वायरिंग किट : बॅटरीवरून फ्यूज टाकून जाड वायर थेट हेडलाइटपर्यंत, स्विच फक्त रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारी डबी, चालू करणार. दोन्ही अप्परचे मिळून दहा अँपिअर मग डिपरच्या स्विचमधून जात नाहीत, स्विचही वाचतो. काही गाड्यांना कंपनीचाच रिले असतो, म्हणून आधी मोजा, मग खरेदी करा. किटचा होल्डर सिरॅमिकचा घ्या. बल्ब फिलिप्स, ऑसराम असा नावाजलेला, ६०/५५ चाच. हे सगळं तुमच्या तीन हजारांत आरामात बसतं.

काच पिवळी पडली असेल तर पाण्याचा पॉलिश पेपर मारून कंपाउंड करून घ्या. आत रिफ्लेक्टरचा मुलामा उडाला असेल तर मात्र पॉलिशने काही होत नाही, हेडलाइटच बदलावा लागतो.

आता फोकस, कारण पिकअपचं खरं दुखणं हे आहे. सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी केली तर डिपरच्या उजेडाची वरची रेघ हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण दहा सेंटीमीटर खाली हवी. गॅरेजवाला हे रिकाम्या गाडीवर करतो. तुम्ही मग हौदा भरता. मागचे स्प्रिंगचे पाटे आठ सेंटीमीटर बसले असं धरा. दोन चाकांमधलं अंतर तीन मीटरच्या आसपास, म्हणजे दहा मीटरवर उजेड सुमारे सत्तावीस सेंटीमीटर वर चढला. दहा खाली होता तो आता सतरा वर. तुमच्या पुढचा रस्ता काळा, समोरचा ट्रकवाला शिव्या देतोय, आणि तुम्ही म्हणताय बल्ब कमी पडतो! डॅशबोर्डवर लाइट खाली-वर करायचं चाक असेल तर भरल्या गाडीला ते खाली घ्या. नसेल तर फोकस भरल्या गाडीवरच सेट करा. परत येताना रिकाम्या गाडीचा उजेड बराच जवळ पडेल, पण तुमचा घाट जाताना भरल्या गाडीनेच आहे.

एवढं करूनही एलईडीच हवा असेल, तर डब्यावरचे २०० वॅट विसरा. अँपिअर मोजून व्होल्टने गुणा, बऱ्याचदा पंचवीस-चाळीसच्या दरम्यान काहीतरी निघतं, आणि तेवढं पुरेसं असतं. बघायचं ते वेगळंच. चिप ज्या पट्टीवर बसवल्यात ती पातळ आहे का, डिपरच्या चिपखाली पत्र्याची वाटी आहे का, बल्बची कॉलर (बसवायची कडी) फिरवून चिप डाव्या-उजव्या बाजूला, घड्याळातल्या नऊ आणि तीनवर आणता येतात का. रंग पाच हजार केल्विनच्या आतला घ्या. बल्बच्या मागच्या पंख्यामुळे हेडलाइटचा रबरी बूट (मागचं झाकण) नीट बसत नसेल तर तो बल्ब परत करा, कारण पहिल्याच पावसात हेडलाइटमध्ये पाणी साचेल आणि उन्हाळ्यात शेतरस्त्याचा फुफाटा पंख्यात जाईल. पंखा बंद पडला की चिप तापून उजेड उतरायला लागतो.

पैसे देण्याआधी दुकानाच्या शटरवर उजेड पाडून बघा. एका बाजूला जुना हॅलोजन, दुसऱ्या बाजूला एलईडी. डिपरची रेघ दोन्हीकडे तितकीच स्पष्ट, वर अंधार, डावीकडे किंचित चढ, असं दिसलं तर ठीक. रेघच फाटलेली असेल किंवा वर पांढरा धूर पसरल्यासारखं दिसत असेल तर घेऊ नका. शटर किती उजळलं याला भुलायचं नाही. स्वस्त एलईडी जवळचा रस्ता लख्ख करतो, त्या लख्ख पट्ट्याने डोळ्याची बाहुली आकुंचते आणि लांबचं आधीपेक्षा कमी दिसतं. चालवणाऱ्याला मात्र वाटतं, काय उजेड पडलाय!

जर्मनीत ऑसरामच्या एलईडी बल्बला २०२० मध्ये रस्त्यावर वापरायची परवानगी मिळाली तीही सरसकट नाही, गाडीच्या मॉडेलची यादी देऊन, त्या-त्या हेडलाइटमध्ये तपासून. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही, आणि लाइट समोरच्याच्या डोळ्यांवर येता कामा नये असा केंद्रीय नियम १०६ आहे. तुमची गाडी ट्रान्सपोर्टची. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग, नंतर दरवर्षी. तेव्हा मूळ बल्ब परत लावायची वेळ येऊ शकते, त्यामुळे जुने बल्ब फेकू नका.

राहिलं माळशेजचं धुकं. त्यात कुठलाच हेडलाइट फार कामाचा नाही; जितका जास्त आणि जितक्या उंचावरून उजेड टाकाल तितका तो धुक्यावरून उलटा तुमच्याच डोळ्यांवर येतो. टपावरची लाइटची पट्टी तर अजिबात नको. उरलेल्या पैशांत बंपरच्या खालच्या बाजूला दोन पिवळे, रुंद फाकणारे फॉग लॅम्प घ्या, इथे एलईडी खुशाल चालेल, कारण तो दिवा मुळात एलईडीसाठीच बनवलेला असतो. वेगळा स्विच, वेगळा रिले. धुक्यात डिपर आणि फॉग, अप्पर बंद. घाट संपला की फॉगही बंद.

होल्डरवरचा आणि बॅटरीवरचा आकडा मोजलात की खाली लिहा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत निघाला तर रिलेचे पैसे वाचले, मग काच आणि रिफ्लेक्टरचा फोटो टाका.