उलटी करून पाहिलेली फणी

«प्रिय मावशी, वय ४१. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातून पदवी, मग रावेर तालुक्यात केळीच्या पॅकहाउसवर १५ वर्षं, शेवटी क्वालिटीची प्रमुख होते. मिस्टरांना ‘हायली स्किल्ड मायग्रंट’ म्हणून नोकरी लागली, म्हणून दीड वर्षापूर्वी रॉटरडॅमला आलो. ऑफिसकाम, डेटा एंट्री असे ६५ अर्ज केले, सगळीकडून नकार. डच येत नाही. मिस्टर समजूतदार आहेत, घाई करू नको म्हणतात. त्यांच्या मित्राने बायोडेटा नीट करून दिला, आता तो सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर म्हणतो. परवा दुकानात केळ्यांची फणी उलटून पाहिली आणि म्हटलं, हिला प्रवासात थंडी लागलीय, तर दोघं हसले. या वयात शून्यापासून सुरुवात करू का? — सावद्याची लेक»

पोरी,

डच, वय, नकार हे सगळं वाचलं आणि फणीपाशी येऊन थांबले. कशावरून ओळखलंस? पिवळा रंग मळकट, राखाडी दिसत होता? नखाने साल खरवडलीस तर आत तपकिरी रेषा होत्या? केळं १३ अंशांच्या खाली गेलं की असं होतं, आणि खरा घोळ पिकल्यावर उघडा पडतो. हिवाळ्यात रावेर-यावलचा बागायतदार रात्री उठून थर्मामीटर बघतो तो काय हौस म्हणून? तुला ते दुकानात उभ्या उभ्या दिसलं. त्या दोघांना दिसलं नाही, म्हणून हसले. तू त्यांच्याबरोबर हसलीस की काय, याची मला जास्त काळजी आहे.

आणि बायोडेटा ‘नीट’ केला म्हणजे काय केलं? पैज लावते, केळी हा शब्द खोडला. ‘प्रशासकीय कामाचा अनुभव’ असलं काहीतरी घातलं. मग ६५ जणांनी कोणाला नाकारलं? त्या कागदावर जी बाई आहे तिला मीही काम दिलं नसतं.

काय करू राहिली तू तिथे? कुठल्या गावात राहतेस ते तरी बघ! युरोपात फळं उतरतात त्या मोठ्या बंदरांपैकी एक तुझं रॉटरडॅम. शेजारच्या बारेन्द्रेख्तला आणि रिडरकर्कला फळं-भाज्यांचे आयातदार, पॅकिंगवाले, पिकवणीवाले एकाला एक लागून आहेत. त्या पट्ट्याला ‘डच फ्रेश पोर्ट’च म्हणतात. इक्वाडोर, कोलंबिया, कोस्टा रिकाहून केळी हिरवीगार येतात आणि युरोपात पोचल्यावर इथिलीन वायू देऊन पिकवतात. २०२३च्या अखेरीस बारामतीहूनसुद्धा चाचणीचा कंटेनर जहाजाने नेदरलँड्सला गेला. आता माल खराब निघाला तर पैसे कोणी सोसायचे? बागेत चुकलं, खोक्यात चुकलं, जहाजात थंडी लागली की पिकवणाऱ्याने घाई केली? याच्यावरून भांडणं होतात, आणि फणी हातात घेऊन उत्तर देणारं माणूस तिथे लागतंच. ते काम तू १५ वर्षं दुसऱ्या टोकाला उभी राहून केलंस. शून्य कुठून आलं मग?

डच शीक, त्यातून सुटका नाही. पण तिथल्या गोदामांत पोलंडची माणसंही ढिगाने आहेत, आणि आयातीचा पत्रव्यवहार बराचसा इंग्रजीतच चालतो. पॅकहाउसवर बंगालची टोळी यायची ना? त्यांच्याशी काय अहिराणीत बोलायचीस?

मिस्टरांबद्दल फार लिहीत नाही. ‘घाई करू नको’ म्हणणं, ज्याचा पगार दर महिन्याला येतो त्याला सोपं असतं.

कोर्सची फी भरायची नाही. आज रात्री जेवणं उरकली की बायोडेटा स्वतः लिही, मित्राला दाखवू नको. वर्षाला किती कंटेनर भरलेस, किती मालाबद्दल तक्रार आली, आखातात १३ किलोची खोकी जायची तेव्हा कुठली फणी बाजूला काढायचीस, सगळं आकड्यांत. तुझ्या निवासाच्या कार्डावर काम करायला पूर्ण मोकळीक असल्याचं छापलेलं असेल, मालकाला वेगळा परवाना काढावा लागत नाही. तेही ठळक लिही, नाहीतर परदेशी नाव बघूनच लोक कचरतात. मग बारेन्द्रेख्तच्या आयातदारांच्या जाहिराती काढ. खाली माणसाचं नाव आणि फोन दिलेला असतो, तो फोन करायलाच असतो. क्वालिटी कंट्रोलरची जागा मिळाली तर घे. पद तुझ्या जुन्या पदाहून खालचं असेल, पहाटे उठावं लागेल, शीतगृहात पाय गारठतील. घे.

परत पत्र लिहिशील तेव्हा नवा बायोडेटा सोबत जोड. पहिल्या ओळीत ‘केळी’ नसेल तर मी उत्तर देणार नाही.

— मावशी